बारावी सायन्सनंतर : एमबीबीएस सोडून काय?

एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर १ वर्षाची इंटर्नशिप, हे गणित घरोघरी पाठ असतं. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांनाही ‘नीट’ लागते, तेही बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पुढे.

बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं. त्यासाठी राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. जीएनएम ३ वर्षांचं, आणि त्याला आर्ट्स-कॉमर्सची मुलंही पात्र ठरतात. (मुलग्यांनी नर्सिंगला नाक मुरडणं आता सोडावं.) बी.फार्म. ४ वर्षांचं, एमएचटी-सीईटीतून; बायोलॉजीऐवजी गणित घेतलेल्यांनाही चालतं. डी.फार्म. २ वर्षांचं, शिवाय किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. औषधाचं दुकान काढायचं तर नोंदणीकृत फार्मासिस्ट हवाच.

लॅब टेक्निशियनचं काम लांबून सोपं वाटतं. सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत, साखरेचं करड्या झाकणाच्या. नळ्यांची अदलाबदल झाली की रिपोर्टवर भरवसा उरत नाही. माणसांत फारसं न रमणाऱ्या, पण काटेकोर मुलांना हे काम मानवतं, असं आमचं मत.

फी भरण्याआधी कॉलेजची मान्यता स्वतः तपासा : नर्सिंगसाठी राज्य व भारतीय परिचर्या परिषद, फार्मसीसाठी भारतीय औषधनिर्माण परिषद. ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलेल्या फलकावर मान्यतेबद्दल अवाक्षर नसेल, तर तिथे डिपॉझिट ठेवू नका.