राजा परांजपे : नट आणि दिग्दर्शक एकाच अंगात

मंडळी, पेणच्या गणपती कारखान्यात माती साच्यात दाबणारा हात वेगळा, रंग देणारा वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा तर अगदी निवडक. सिनेमातही बहुधा असंच असतं. घडवणारा दिग्दर्शक, डोळ्यांतून बोलणारा नट. राजा परांजप्यांनी दोन्ही कामं स्वतःकडे ठेवली. पेणला यावर बोलणं झालं. आज रोह्यात जरा पुढे जाऊ.

जन्म १९१० चा, मिरजेचा. नाव गाजलं ते १९५० नंतर. आधी 'पुढचं पाऊल', मग १९५२ मध्ये एकाच वर्षी 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे'. जोडीला गदिमांची लेखणी आणि सुधीर फडक्यांच्या चाली. हे त्रिकूट पुढे बरीच वर्षं टिकलं. ऐतिहासिक पटांच्या आणि फडावरच्या गोष्टींच्या त्या काळात यांनी पडद्यावर आपल्या ओसरीवरची माणसं आणली.

आता 'ऊन पाऊस' बघा, १९५४ चा. म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको. उतारवयात मुलांकडे राहायची पाळी येते तेव्हा दोघांची ताटातूट होते. आई एकाकडे, वडील दुसऱ्याकडे. मास्तर झालेत स्वतः परांजपे, बायको सुमती गुप्ते. परांजप्यांचं वय तेव्हा अवघं ४४! नायक व्हायच्या वयात त्यांनी स्वतःला म्हातारा केलं. असाच विषय अमेरिकेत लिओ मॅकेरीने १९३७ मध्ये हाताळला होता, आणि कन्नडमध्ये १९५८ साली बी. आर. पंतुलूंनी 'स्कूल मास्टर' काढला, तोही स्वतःच मास्तर होऊन.

हे आपल्याला परकं नाही. दिव्याच्या गाडीने पोरं मुंबईकडे गेली. मग नातवंडं सांभाळायला आई तिकडे आणि घर राखायला बाबा इथे, असं आपल्याकडेही होतंच की. भांडण कुणाचंच नसतं, तरी जेवायचं ताट एकट्याचं. वाईट मुलगा दाखवणं सोपं. ही साधी गैरसोय दाखवणं कठीण.

'जगाच्या पाठीवर' (१९६०) मध्ये आंधळ्या मुलीची गोष्ट आहे, सीमाताई त्यात आहेत. चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' आठवतोच. आम्हाला मात्र 'ऊन पाऊस' सरस वाटतो. १९६३ च्या 'हा माझा मार्ग एकला'मध्ये त्यांनी छोट्या सचिनला पडद्यावर आणलं. १९६४ चा 'पाठलाग' रहस्यपट. त्यावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला. तो बऱ्याच जणांनी पाहिलाय, मूळ मराठी थोड्यांनी.

परांजपे १९७९ साली गेले. आता प्रश्न विचारा. ज्यांनी 'ऊन पाऊस' थेटरात पाहिलाय, त्यांनी आधी बोलावं.