कष्टाच्या हातांना नखांची नक्षी

नखे रंगवणे हा रिकामटेकड्या बायकांचा उद्योग, असा एक समज आपल्या वस्त्यांमध्ये आहे. कापूस वेचणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या हातांना कसली आली नक्षी, असे पुष्कळ भगिनी स्वतःच म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. ज्या हातांवर घर चालते, त्या हातांनी नटायचे नाही तर कोणी नटायचे?

आमच्या जालना जिल्ह्यात तर नखाला वेगळाच मान हवा. जालना हे बियाण्यांचे शहर. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथेच महिको ही बियाणे कंपनी काढली. संकरित कपाशीचे बी तयार करताना उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरतात. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अलगद काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या स्त्रीकेसरावर दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. या कामात नख हेच हत्यार. इतके नाजूक काम ज्या बाया करतात, त्यांना नखावर चार ठिपके काढणे जड जाणार नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. जात ओळखू यावी अशी लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि हातागळ्यातले ते जाड दागिने सोडा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. आम्ही त्यातून एवढे घेतो की, आपल्या अंगावर काय असावे हे दुसऱ्याने ठरवू नये. नखाचा रंगही आपल्या आवडीचा असावा. शेजारणीशी चढाओढ म्हणून नसावा.

आता नक्षीकडे वळू. कपाशी आपल्या ओळखीची, म्हणून फुटलेले बोंड काढू. निळी, पांढरी आणि बिनरंगाची नेलपॉलिश, घरात पडलेली एखादी मरून बाटली, एक टाचणी आणि आगपेटीची काडी एवढे पुरे. निळी एकीने, पांढरी दुसरीने घेतली तर खर्च वाटला जातो.

नखे बारीक कापा. साबणाने धुऊन कोरडी करा. तेलकट नखावर रंग टिकत नाही. निळ्या रंगाचा कुंचला आधी नखाच्या मधोमध, मग दोन्ही कडांना असा तीनदाच ओढा. थर पातळ हवा. तो वाळला की दुसरा थर द्या. जाड थर वरून वाळलेला दिसतो, पण आत ओला राहतो आणि धक्का लागला की सुरकुततो.

टाचणीचे टोक खोडरबरात खोचा, म्हणजे धरायला मूठ होईल. पांढऱ्या रंगाचा थेंब जुन्या झाकणावर घ्या. टाचणीचे डोके त्यात बुडवून एकमेकांना चिकटलेले तीन-चार ठिपके द्या. हे झाले बोंड. काडीच्या टोकाने खाली मरून रंगाचा छोटा देठ ओढा. दहाही बोटांवर बोंडे नकोत. दोन्ही हातांच्या अनामिकेवर एकेक शोभते. सगळे नीट वाळल्यावरच वरून बिनरंगाचा हात फिरवा. घाई केली तर पांढरा रंग निळ्यात पसरतो.

काही पथ्ये मात्र पाळा. रंगाचे टवके उडू लागले की सगळा रंग काढा, नाहीतर ते पिठात जातात. नेलपॉलिश आणि ते काढण्याचे औषध दोन्ही पेट घेतात. चूल, गॅस, पेटती मेणबत्ती यांच्यापासून लांब, उघड्या दारापाशी बसा. बाटल्या लेकरांच्या हाती लागू देऊ नका. रंग काढल्यावर नखांना खोबरेल तेल चोळा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाळंतपणाला, शस्त्रक्रियेला किंवा तपासणीला जाताना नखे कोरी ठेवा. अंगात रक्त कमी असले की नखे पांढुरकी दिसतात. रंगाखाली ते डॉक्टरला दिसत नाही. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्रही गडद रंगामुळे चुकू शकते. रंग काढल्यावर आपणही नखे उजेडात पाहावीत. ती फिकट वाटली आणि दमही लागत असेल, तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावे. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. पुन्हा रंगवायला जागा मिळतेच, तब्येतीला मात्र वेळ द्यावा लागतो.

चौदा एप्रिलच्या सुमारास कपाशीची वेचणी संपलेली असते. आदल्या रात्री मायलेकींनी समोरासमोर बसावे. आपल्याच उजव्या हातावर डाव्या हाताने रंग लावणे अवघड, तेव्हा आईने लेकीचा आणि लेकीने आईचा हात हाती घ्यावा. वर्षभर राबलेल्या त्या हाताकडे लेकीचे तेवढ्या निमित्ताने नीट लक्ष जाईल.