कासऱ्याचे दुसरे टोक
(लेखमाला : जू, कासरा, लगाम – भाग 6)

गेल्या भागात जू बैलाच्या मानेवर नेमके कुठे बसते ते पाहिले. आता नाकाची पाळी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलवाटेला घोडा तसा परकाच. इथली जुनी सोबत बैलबंडीची. नाल्याचा उतार लागला आणि मागून धानाच्या पोत्यांचे वजन रेटू लागले की अंगात जोर असलेला बैल धाव घेतो. बंडी हाकणाऱ्याच्या हाती तेव्हा असतो फक्त कासरा, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला वेसण.

दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग मऊ असतो, त्यामागे कुर्चा. भोक पाडायचे ते मऊ भागात. फार कडेला पाडले तर एखाद्या हिसक्याने नाक फाटते. जखम पुरती वाळेपर्यंत दोरीला ताण द्यायचा नाही, आणि दोरीची गाठ नाकाच्या आत येऊ द्यायची नाही. नायलॉनची दोरी स्वस्त पडते, टिकतेही. पण चिखलात भिजून वाळली की कानशीसारखी घासते. सुती दोरी लवकर झिजते, हाच तिचा गुण म्हणायचा.

बैल अचानक ओढायला लागला तर बहुतेकांचा हात आधी वेसण आवळायला जातो. त्याऐवजी वाकून नाकपुडीत पाहिले तर पुष्कळदा खपली किंवा पू सापडतो. दुखणाऱ्या नाकावर आणखी ताण दिल्यावर जनावर बिथरणार नाही तर काय?

घोड्याचा हिशेब वेगळा नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते; लगामाची कडी तिथे बसते. साध्या कडीत हाताची ओढ थेट तोंडात पोचते. दांड्यांची कडी म्हणजे तरफ : कडीच्या वर 5 सेंटिमीटर आणि खाली 10 सेंटिमीटर दांडी असेल, तर हनुवटीखालच्या साखळीवरचा ताण हाताच्या ओढीच्या दुप्पट होतो. माथेरानच्या लाल मातीच्या उतारावर घाबरलेल्या स्वाराने अशी कडी खेचून धरली, तर जोरकस घोडा थांबण्याऐवजी मान वर झुगारतो. कडी बदलण्याआधी दात, पाठ आणि खोगीर तपासावे. त्यातून काही निघाले नाही, तर साधी, गुळगुळीत, तोंडाच्या मापाची कडी घ्यावी आणि चालता चालता थांबण्याचा सराव करून घ्यावा. काटेरी कडीचा तर प्रश्नच नाही. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनीच तिला मनाई केली आहे.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत हा विषय शंकरपटाशी, म्हणजे बैलांच्या शर्यतींशी, येऊन भिडतो. दिवसा पट, रात्री नाटक, अशी इथली रीत. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. वाद तुतारीच्या, म्हणजे बैल टोचायच्या काठीच्या, टोचणीवर झाला. नाकातल्या दोरीच्या ओढाताणीचाही उल्लेख 2014 च्या निकालात आहे.

गडचिरोलीतल्याच कमलापूरच्या हत्तीकॅम्पात दोरी नाकात नसते. माहूत मानेवर बसतो आणि पायाच्या बोटांनी कानामागे दाबून दिशा सांगतो.

बैलाची वेसण बदलते ती पोळ्याला. आदल्या दिवशी खांदे हळद-तुपाने मळले जातात आणि सकाळी नवा कासरा, नवी वेसण येते. जुनी दोरी काढताना ती भोकातून सहज सरकते की बैल डोके मागे घेतो, हे पाहायला त्या वेळी दोन क्षण पुरतात.