खानदेशी कामठा व शिंगाची कमान

जुन्या दप्तरांबरोबर जुनीं हत्यारेंही संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांत धनुष्य सांपडलें म्हणजे त्याचा बाक नीट करावा व दोरी चढवून पाहावी असा मोह होतो. हा मोह घातक कां, हें कळण्यास लाकडाला बाक कसा येतो तें आधीं पाहिलें पाहिजे.

लाकडाचे तंतू ज्या द्रव्यानें एकमेकांस जखडलेले असतात त्यास शास्त्रज्ञ लिग्निन म्हणतात. ओलावा आणि उकळत्या पाण्याइतकी उष्णता यांचा योग झाला असतां तें मऊ पडतें, व निवाल्यावर पुनः घट्ट होतें. वाफेचें सारें रहस्य एवढेंच. कारागीर एक इंच जाडीस सुमारें एक तास वाफ, असा अदमास धरतात. मऊ झालेलें लाकूड दाब पुष्कळ सोसतें, ताण मात्र फार थोडा. यास्तव बाकाच्या बाहेरील अंगास लोखंडी पट्टी लावून मग तें सांच्यावर वळवितात.

बांबूची गोष्ट निराळी. ओल्या बांबूच्या अंगचेंच पाणी वाफेचें काम करतें; त्यामुळें विस्तवावर फिरवीत शेकला कीं तो वळतो अथवा सरळ होतो. धुळें व जळगांव या जिल्ह्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील भिल्लांचा कामठा या जातीचा आहे. त्याची कांब बांबूची, आणि दोरीही बांबूच्याच सालीच्या चिंबट पट्टीची. त्याचा बाक मुख्यतः दोरीच्या ओढीचा असून सांच्याचा नव्हे. म्हणून उतरल्यावर तो बहुतेक सरळ दिसला तर तो बिघडला असें समजूं नये. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात. साल तासली कीं बळ गेलें.

ग्रंथांचे वाचक येथें एक गोष्ट ध्यानांत घेतील. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत ज्येच्या द्रव्यांमध्यें वेणूचें नांव आहे. अग्निपुराणांतही वंशाची ज्या सांगितली असून, शरद्ऋतूंत तोडलेल्या बांबूचें धनुष्य उत्तम मानिलें आहे. ही ऋतूची अट नुसता अलंकार नव्हे. पावसाळ्यांत नवे कोंब फुटण्यांत बांबूमधील पिठूळ सत्त्व खर्च होतें, व तें कमी असलें म्हणजे घुणा कमी लागतो. कारागिराचा अनुभव पोथींत असा उतरतो. म्हणून हत्यार पाहिल्यावांचून अशा पाठाचा अर्थ लावूं नये, असें आम्हांस वाटतें.

कमान हा फारसी शब्द. ज्या धनुष्यास शिंगाची कमान म्हणतात त्याच्या गाभ्यास लाकूड, आंतल्या अंगास शिंग, बाहेरच्या अंगास स्नायूंचे तंतू असून हें सर्व सरसानें जोडलेलें असतें. दोरी उतरतांच तें उलट दिशेस वळतें. अजाण मनुष्य त्या उलट बाकावरच दोरी बांधतो आणि कमान मोडतो. याहून मोठा अनर्थ वाफेचा. जी वाफ साध्या लाकडास वळविते तीच येथें सरस विरघळवून थर सुटे करते. दोरी चढविण्यापूर्वीं अशी कमान मंद उष्णतेवर ऊब देऊन घेत असत खरें. परंतु तें जाणत्या हाताचें काम होतें, आणि तें नव्या, सशक्त कमानीस उद्देशून होतें.

तात्पर्य, धनुष्य हातीं आलें कीं प्रथम त्याचीं टोंकें व कडा पाहाव्या. थर दिसले, अथवा रोगण उडालेल्या जागीं तंतू दिसले, तर ती कमान समजून विस्तव, वाफ व ओल यांपासून दूर ठेवावी. एकसंध बांबू असेल तर तो कामठा. त्याची दोरी चढलेली असल्यास ती सोडविण्यापूर्वीं चित्र व माप घ्यावें, कारण वाळलेली बांबूची दोरी सहज तुटते. यादींत नुसतें 'धनुष्य' असें न लिहितां द्रव्य, लांबी, दोरी आणि उतरल्यावरचा बाक ही चार कलमें नोंदवावीं. मोडलेली वस्तु पुढच्या अभ्यासकास हीं चार उत्तरें देऊं शकत नाहीं.