ताण टाळता येत नाही, पण उतरवता येतो

नेहमीची लोकल चुकली की पुढची मिळते. कार्यालयात पोहोचायला फार तर दहा मिनिटे उशीर होतो. पण ती दहा मिनिटे अनेकांच्या मानेवर संध्याकाळपर्यंत बसून राहतात. वरिष्ठांच्या एका वाक्याचा राग घरी आल्यावर मुलाच्या गृहपाठावर निघतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या रागाचाच पश्चात्ताप होतो. घरकर्जाचा हप्ता, मुलांचे प्रवेश, आई-वडिलांचे आजारपण, रात्री दहा वाजता मोबाइलवर येणारा कामाचा निरोप... यातली बहुतेक दुखणी एकेकटी पेलण्याजोगी असतात. त्यांची बेरीज मात्र माणसाला थकवते. कारण हा ताण मोठा असतो असे नाही. तो संपतच नाही, ही खरी अडचण आहे.

शरीरात काय घडते?

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये 'लढा किंवा पळा' या प्रतिक्रियेचे वर्णन केले. धोका जाणवताच मेंदूकडून अधिवृक्क ग्रंथींना आदेश जातो. अ‍ॅड्रिनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंना जास्त रक्त मिळते आणि पचनाचे काम मंदावते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते आणि ते रक्तातील साखर चढती ठेवते. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की थंडी असो, जखम असो वा अतिश्रम, दीर्घकाळ चाललेल्या निरनिराळ्या त्रासांना शरीर बरेचसे एकाच पद्धतीने उत्तर देते. त्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी वाढल्या होत्या आणि जठरात व्रण पडले होते. पदार्थविज्ञान व अभियांत्रिकीतला 'स्ट्रेस' हा शब्द या अवस्थेसाठी पुढे सेल्ये यांनीच रूढ केला.

रानात वाघ समोर आला, तर ही यंत्रणा प्राण वाचवते. माणूस जिवाच्या आकांताने पळतो, धोका टळतो आणि शरीर पूर्वपदावर येते. पण साहेबांसमोरून पळता येत नाही आणि बँकेच्या हप्त्याशी मारामारी करता येत नाही. सारी तयारी होते, ती वापरली मात्र जात नाही. हेच महिनोन् महिने चालले, तर झोप बिघडते, रक्तदाब वाढू शकतो, प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

थोडा ताण हवाच

याचा अर्थ ताण हा शत्रूच आहे, असे नव्हे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांना १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले, की अवघड गोष्ट शिकताना मध्यम उत्तेजना सर्वांत उपयोगी ठरते. ती फार वाढली, की शिकणे मंदावते. परीक्षेची थोडी धास्ती विद्यार्थ्याला अभ्यासाला बसवते, अतोनात धास्ती मात्र पाठ केलेलेही विसरायला लावते. म्हणूनच ताण शून्यावर आणण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. काम संपले की तो उतरवता येणे महत्त्वाचे. हमालही ओझे मुक्कामापर्यंतच वाहतो, घरी घेऊन जात नाही.

उतरवायचा कसा?

पहिला मार्ग शरीराचा. वापरली न गेलेली तयारी हालचालीने वापरली जाते. घराच्या एक थांबा अलीकडे बसमधून उतरून झपझप चालत जाणे, हा त्यासाठी साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस जेमतेम अर्धा तास.

दुसरा मार्ग श्वासाचा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते. म्हणून चार सेकंद श्वास आत घ्यावा आणि सहा सेकंद सावकाश सोडावा. अशा रीतीने मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटे हे केले तरी पुष्कळांना फरक जाणवतो. त्यासाठी आसन, खोली वा मुहूर्त लागत नाही. लोकलच्या गर्दीतही ते जमते.

तिसरा मार्ग लेखणीचा. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी पूर्ण झालेल्या कामांची. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान असला तरी त्यातला धडा रोजच्या अनुभवाशी जुळतो. कागदावर उतरलेले काम डोक्यात घोळवत ठेवण्याची गरज उरत नाही. अशी यादी करताना कागदाचे दोन रकाने करावेत: आपल्या हातातले आणि हातात नसलेले. पावसाने गाडी रखडणे दुसऱ्या रकान्यात जाते, तर उशीर होत असल्याचे कार्यालयाला वेळीच कळवणे पहिल्यात. आपली शक्ती पहिल्या रकान्यावर खर्च करावी.

चौथा मार्ग विचाराचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सूत्र असे, की प्रसंगाइतकाच त्या प्रसंगाविषयीचा आपला ग्रह आपल्याला छळतो. 'साहेबांनी चूक दाखवली' हा प्रसंग. 'म्हणजे मी कुचकामी आहे' ही आपण जोडलेली शेपटी. ती तोडता आली, तर चूक सुधारण्याचे काम तेवढे शिल्लक राहते.

हे मात्र टाळा

कामाच्या रगाड्यात चहावर चहा होतो. पण कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा चहा मध्यरात्रीही निम्मा शिल्लक असतो. सिगारेट वा तंबाखूने मिळणारा दिलासा हा बव्हंशी निकोटिनची तलफ भागल्याचा असतो. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. हे तिन्ही उपाय आजचा ताण उद्यावर ढकलतात, तोही व्याजासकट.

सारा भार एकट्याचा नव्हे

बारा-बारा तास राबवून घेणाऱ्या नोकरीवर दीर्घ श्वसन हा उपाय होऊ शकत नाही. तिथे कामाची वाटणी आणि वेळ यांविषयी स्पष्टपणे बोलावेच लागते. घरातही तेच. नोकरी करून आलेली गृहिणी स्वयंपाकघरात शिरते आणि बाकीचे दूरचित्रवाणीसमोर बसतात, अशा घरात तिला योगासने सुचवण्यापेक्षा कणीक मळून देणे अधिक उपयोगाचे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. डॉक्टरांना दाखवावे. जीव देण्याचे विचार मनात येत असतील, तर दोन आठवडेही थांबू नये. तत्काळ मदत घ्यावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. तापासाठी डॉक्टरांकडे जाताना आपण संकोचत नाही. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय लावायला हवा.

यातले सगळे एकदम करायला जाणे हाही एक नवा ताणच ठरेल. एकच गोष्ट निवडावी आणि ती महिनाभर नेटाने करून पाहावी. उद्याच्या कामांची यादी आज रात्री कागदावर उतरवायला पाच मिनिटे पुरतात.