नावेचा रस्त्यावरील प्रवास

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या काठावरील प्राचीन मंदिरसमूह आणि महाशिवरात्रीची यात्रा सर्वपरिचित आहेत. परंतु हीच नदी पावसाळ्यात उग्र रूप धारण करते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून मोठा विसर्ग करण्यात आल्यावर भंडाऱ्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पूर आला आणि अनेक गावांतील लोकांना नावांतून सुरक्षित स्थळी हलवावे लागले. अशा वेळी नाव पाण्यात उतरण्यापूर्वी तिला जंगलातील वळणावळणाच्या रस्त्याने, जीपमागे जोडलेल्या ट्रेलरवरून यावे लागते. वाटेतच ट्रेलर उलटला, तर मदतीची वाट पाहणाऱ्यांपर्यंत ती पोहोचणार कशी?

ट्रेलर डोलू लागतो याचे मूळ बहुधा चालकाच्या हातात नसून भरलेल्या ओझ्यात असते. बैलगाडीत ओझे मागे अधिक झाले, की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला ताण बसतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. ट्रेलरचेही तसेच आहे. नावेचे इंजिन मागच्या टोकाला असल्याने भार सहजच मागे जातो. मग थोडा धक्का बसला तरी ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि वेगाबरोबर ते झोके वाढत जातात.

यास्तव एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढील जोडावर पडेल, अशी नाव बसवावी. नाव, इंजिन व ट्रेलर मिळून ८०० किलो भरत असतील, तर जोडावर सुमारे ८० किलो भार हवा. सपाट जागी, जोडाच्या उंचीवर धान्याचा वजनकाटा ठेवून तो मोजता येतो. हा भार फार वाढला तर जीपचा मागचा भाग दबतो, पुढील चाकांची पकड सुटते. म्हणून अतिरेकही टाळावा. नावेत साचलेले पाणी काढून टाकावे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो हलते ओझे होय.

निघण्यापूर्वी नाव पुढून व मागून पट्ट्यांनी आवळावी, सुरक्षा साखळ्या जोडाखाली एकमेकींवरून तिरप्या अडकवाव्यात, टायरमधील हवा व मागचे दिवे तपासावेत. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्ट्या पुन्हा पाहाव्यात.

एवढे करूनही झोके सुरू झालेच, तर वेग वाढवू नये व एकदम ब्रेकही दाबू नये. सुकाणूचक्र सरळ धरून ॲक्सिलरेटरवरील पाय हळूच उचलावा. वेग उतरला की झोके शमतात. मग गाडी कडेला घेऊन ओझे पुढे सरकवावे, कारण दोष तेथेच असतो.

काठावर पोहोचल्यावर चाकांचे तापलेले तुंबे लगेच पाण्यात बुडवू नयेत. आतील हवा आकुंचन पावून पाणी शोषले जाते आणि बेअरिंग गंजते. संकट समोर असता हा विलंब शक्य नसतो. तेव्हा परतल्यावर बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरावे.

पूर पूर्वसूचना देतोच असे नाही. म्हणून ही सारी तपासणी पावसाळ्यापूर्वीच, कोरड्या रस्त्यावर करून ठेवणे हिताचे होय.