भाकरी चालते, पण किती?

मधुमेहात ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हा समज लातूर-नांदेड भागात खोलवर रुजलेला आहे. ‘शुगर’ निघाली की घरात भात आणि पोळी बंद होते आणि भाकरी सुरू होते. बदल चांगलाच, हिशेब मात्र चुकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम तंतू असतात; पांढऱ्या तांदळात कर्बोदके ७८ ग्रॅम आणि तंतू जेमतेम ३. ज्वारीची खरी जमेची बाजू तंतू ही आहे. पिष्ट तिच्यातही भरपूर. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तरी ३४ ग्रॅम कर्बोदके होतात. तीन भाकरी, वर पातळ वरण आणि ठेचा असे जेवण झाले की शंभरी ओलांडते आणि साखर वाढल्याचे खापर चहावर फुटते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतला आहारविषयक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांना सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, असे त्यात दिसले. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून नुसते धान्य बदलले, तर मधुमेहाचा धोका कमी होताना आढळला नाही. त्यातला थोडा वाटा डाळी किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांकडे वळवला, तेव्हा तो कमी आढळला.

तुरीच्या बाजारपेठेसाठी आणि डाळ मिलसाठी नावाजलेल्या लातूरला हे अवघड जाऊ नये. वेळअमावस्येची भज्जीच पाहावी: ओला हरभरा, वाटाणा, तुरीचे दाणे, मेथी, पालक, पातीचा कांदा, वरून बेसन आणि चिंच. वाडगाभर भज्जी, सोबत एक भाकरी आणि ताक, हे मधुमेहींसाठी उत्तम जेवण आहे. (त्याच पंगतीतली गव्हाची खीर वेगळी मोजावी लागते.) एरवीही अर्ध्या ताटात भाजी, पावभर घट्ट डाळ किंवा उसळ, उरलेल्या पावभरात भाकरी किंवा भात, असा अंदाज पुरतो. भाजी-डाळ आधी आणि भाकरी नंतर खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

गुळाबद्दल फार लिहायला नको. त्यात थोडे लोह असते, पण बहुतेक भाग साखरेचाच. गुळाचा चहा हाही गोड चहाच.

फळे मात्र उगाच बदनाम झाली आहेत. अर्धापूरचे केळे पूर्ण वर्ज्य नाही; लहान किंवा अर्धे केळे, फार पिकलेले नसलेले, जेवणावर न घेता मधल्या वेळी खाता येते. पेरू, जांभूळ अधिक सोयीचे. रस गाळला की तंतू जातात आणि साखर झपाट्याने रक्तात उतरते.

‘अंगाने बारीक, त्याला कुठली शुगर?’ हेही खरे नाही. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटाभोवती, अशी ठेवण भारतीयांत सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट संशोधनातून जगापुढे मांडली.

सर्वांत धोक्याचा समज औषधांचा. कारल्याचा रस किंवा मेथीदाणे सुरू केले म्हणून गोळ्या-इन्शुलिन परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. माहूरच्या रेणुकेच्या नवरात्रात किंवा एकादशीला याची दुसरी बाजू दिसते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यामुळे खिचडीने साखर चढते. तर इन्शुलिन किंवा काही गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन निरंकार उपास केला, तर ती एकदम घसरते. उपासाआधीच डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी लागते. घाम, थरथर, चक्कर जाणवली आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.